डोक्यावरचा संसार

यंदा दिवाळीआधी घराला रंग काढला. सामान हलवता हलवता सूनबाईनं शिवणयंत्रावरचं फडकं उचललं आणि म्हणाली, "आई, इतकी वर्षं पुसतेय मी हिला, पण विचारायचं राहूनच गेलं. ही डोक्यावर मशीन घेतलेली बाई आहे तरी कोण?"

रंगारी शिडीवर उभा, गॅसवर दूध, आणि फोन वाजत होता. मी म्हटलं, "सांगेन गं सावकाश." पण सावकाश सांगायच्या गोष्टी सांगायच्या राहूनच जातात, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज लिहूनच काढते. तिनंही वाचावं आणि तुम्हीही.

ती बाई म्हणजे एक लाकडी मुखवटा आहे. मुखवटा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तोंडावर बांधायचं सोंग येतं, नाहीतर भाद्रपदातल्या गौरी. हा तसा नाही. आतून पोकळ, टोपीसारखा डोक्यावर तिरपा बसवायचा. खाली बाईचा चेहरा. डोळे मोठे, पापण्या जड, गालांवर तीन-तीन उभ्या रेघा, ओठ मिटलेले. आणि कपाळाच्या वर, जिथं आपण पाण्याची घागर किंवा भाजीची पाटी ठेवू, तिथं एक लहानशी फळी आणि तिच्यावर शिवणयंत्रापुढं वाकून बसलेली एक चिमुकली बाई. सगळं एकाच लाकडातून कोरलेलं. वर निळा, पिवळा आणि पांढरा ऑइलपेंट. आता त्याचे पोपडे निघालेत.

हा मुखवटा आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातला, योरुबा लोकांचा. तिथं आम्ही 1979 ते 1984 अशी पाच वर्षं काढली.

त्या काळात आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडं गेले. देशाला तेलाचा पैसा आला होता. 1976 मध्ये सरकारनं प्राथमिक शिक्षण सगळ्या मुलांना खुलं केलं, आणि 1979 मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांनी माध्यमिक शिक्षणही मोफत केलं. शाळा भराभर निघाल्या, पण मास्तर कुठून आणायचे? म्हणून भारतातून, घानातून, जिथून मिळतील तिथून त्यांनी माणसं बोलावली. आमचे हे गणित शिकवायचे. मुलगा दोन वर्षांचा होता. विमानात मी पहिल्यांदाच बसले, तीही मांडीवर मूल आणि पिशवीत हिंगाची डबी घेऊन.

आमचं गाव ओगुन राज्यात, बेनिन देशाच्या हद्दीजवळ होतं. त्या भागाला तेव्हा एग्बाडो म्हणत, 1995 पासून येवा म्हणतात. लाल माती, पत्र्याची छपरं, आणि गावाच्या मधोमध मोठ्या झाडांखाली बाजार. बाजार सगळा बायकांचा. याम नावाचे ते मांडीएवढे कंद, मिरच्या, टोमॅटो, पामचं तेल, कापडचोपड, सगळं विकणाऱ्या बायकाच. हिशेब त्यांचा, गल्ला त्यांचा. नवऱ्याला पैसे हवे असले तर तो मागायचा! हे बघून मला पहिले सहा महिने नुसतं नवल वाटत होतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाकिटातून मोजून मिळणाऱ्या घरखर्चावर संसार करणारी मी.

ह्या बाजारबायका किती खमक्या, ते तिथल्या इतिहासातही आहे. जवळच्याच आबेओकुटा शहरात 1940 नंतरच्या काळात बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध फुनमिलायो रॅन्सम-कुटी ह्या बाईंनी हजारो बायका उभ्या केल्या. 1949 च्या जानेवारीत तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. ह्या बाई 1978 मध्ये वारल्या, आम्ही पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी. त्यांचं नाव मात्र बाजारात रोज ऐकू यायचं.

माझी शेजारीणही बाजारातच बसायची, कापड विकायला. तिचं खरं नाव मला वर्षभर माहीत नव्हतं. तिथं बाईला नावानं हाक मारत नाहीत, अमक्याची आई असंच म्हणतात. आईला शब्द 'इया'. आपल्या खेड्यातल्या 'आय'ची बहीणच म्हणा ना! हिला सगळे 'इया इबेजी' म्हणत. इबेजी म्हणजे जुळी. ती जुळ्यांची आई होती.

योरुबा लोकांत जुळी फार होतात. त्यांच्या काही भागांत तर हजार बाळंतपणांत 40 च्या वर जुळी मोजली गेली आहेत. पहिलं येतं ते ताइवो, मागून येतं ते केहिंदे. आणि गंमत अशी, की मागून आलेलं ते थोरलं मानतात. जग कसं आहे ते चाखून बघायला त्यानं धाकट्याला पुढं पाठवलं म्हणून!

तिच्या अंगणात मला एकच मुलगी दिसायची. एकदा न राहवून मी विचारलं, दुसरं कुठंय? तिनं मला आत नेलं. खोलीच्या कोपऱ्यात एका पाटावर वीतभर उंचीची लाकडी मूर्ती होती. मूल गेलेलं तान्हं, पण मूर्ती मोठ्या माणसाची. तिला मण्यांची माळ घातलेली, आणि हात फिरवून फिरवून तिचं नाक पार झिजून गेलेलं. जुळ्यातलं एक गेलं, तर त्याच्यासाठी अशी मूर्ती करून घ्यायची त्यांची जुनी रीत. आई तिला न्हाऊ घालते, तेल लावते, दुसऱ्याला भरवताना तिच्याही तोंडाला घास लावते. कारण दोघांचा जीव एक. एकाला विसरलात तर दुसराही रुसून निघून जाईल. पुढंपुढं काही बायका लाकडाऐवजी प्लॅस्टिकची बाहुलीही ठेवू लागल्या होत्या, काही जणी नुसता फोटो.

इया इबेजी रविवारी नियमानं चर्चमध्ये जायची. नवरा शुक्रवारी मशिदीत. आणि कोपऱ्यात हा पाट. मी काही विचारलं नाही. आपल्या घरात तरी कुठं सगळं एका पोथीप्रमाणं चालतं?

आता मुखवट्याकडं येते. पण त्याआधी काकूबद्दल सांगायला हवं. तिच्यावाचून मी तो मुखवटा विकत घेतलाच नसता.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती, माहेरची. विसाव्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नाही. आमच्या वाड्यात मागच्या खोलीत राहायची. तिच्याकडं एक शिवणयंत्र होतं. आम्हा सगळ्या मुलींची परकर-पोलकी, उशांचे अभ्रे, वाड्यातल्या बाळंतिणींची दुपटी तिनंच शिवली. 1977 मध्ये मी बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा सव्वा महिना मला आणि बाळाला चोळून न्हाऊ घातलं ते काकूनं. डिंकाचे लाडू तिचे, शेक-शेगडी तिची, रात्रीचं जागरणही तिचंच.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. त्याच्या आदल्या दोन दिवसांत बाळ सारखं रडायला लागलं, पोट फुगलं. सासरची मंडळी आली होती. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ज्या बाईला स्वतःचं मूल नाही, तिच्या हातात तान्हं मूल सतत देऊ नये. दृष्ट लागते. आज तरी तिला पुढं येऊ देऊ नका."

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांची चार मुलं होऊन त्यातली दोन गेली होती, आणि अशा बाईला भीती कुठली वाटणार नाही? पण त्यांचं ऐकून मी काय केलं ते सांगायला हवं. काकूला आईनं सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं नाही, मी सांगितलं. म्हटलं, "काकू, तू आज जरा मागंच थांब हं." ती म्हणाली, "बरं." आणि स्वैपाकघरात जाऊन घुगऱ्यांना फोडणी घालायला बसली. पाळण्याची गाणी तिनं तिथूनच ऐकली. त्यानंतर मी माहेरी होते तोवर तिनं आपण होऊन बाळाला एकदाही उचललं नाही. मी दिला तर घ्यायची, आणि लगेच परत द्यायची.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ह्यांनासुद्धा नाही.

तर नायजेरियात आमचं दुसरं वर्ष. पावसाळा तोंडाशी आला होता. एके दिवशी इया इबेजी आली आणि म्हणाली, तुझं एखादं लुगडं दे चार दिवसांसाठी, रंगीत पाहिजे. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, गेलेडे आहे. माझ्या भावाचा मुलगा नाचणार आहे, त्याला बाई व्हायचंय.

मी तिला हिरवं वायलचं पातळ दिलं. मग बसून तिच्याकडून सगळं समजून घेतलं. पुष्कळ वर्षांनी ह्या विषयावरची दोन पुस्तकंही मला वाचायला मिळाली. एक ड्रूअल पतिपत्नीचं, 1983 चं, आणि दुसरं बाबाटुंडे लावाल ह्या योरुबा अभ्यासकाचं, 1996 चं. तिनं ओट्यावर बसून मिरच्या निवडता निवडता सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं त्यांतही भेटलं.

गेलेडे हा मुखवट्यांचा नाच-उत्सव. नायजेरिया, बेनिन आणि टोगो ह्या तिन्ही देशांत तो होतो, आणि त्याचं मूळ हद्दीपलीकडच्या केटू गावचं समजतात. 2001 मध्ये युनेस्कोनं जगाचा ठेवा म्हणून त्याची नोंद घेतली. योरुबा लोकांत मुखवट्याचे प्रकार पुष्कळ. पूर्वजांसाठी 'एगुनगुन' असतो. त्यात माणूस पायापर्यंत कापडांत झाकलेला असतो, आणि बायकांनी त्याला शिवायचं नसतं. ईशान्येकडं एकिटी भागात 'एपा' नावाचे प्रचंड मुखवटे असतात, डोक्यावर पेलून नाचताना माणसाचा कस लागेल असे जड. त्यांच्यावर घोडेस्वार नाहीतर पोरं सांभाळणारी आई कोरलेली असते. पण गेलेडे आहे तो बायकांसाठी. त्यातही 'आपल्या आयांसाठी'. आवोन इया वा, असं ते म्हणतात.

ह्या आया म्हणजे कोण? तर म्हाताऱ्या बायका. ज्यांचा विटाळ गेला, ज्यांनी पुष्कळ पाहिलं, पुष्कळ सोसलं. त्यांच्यामागं गेलेल्या म्हाताऱ्या, आणि सगळ्यांच्या मागं 'इया न्ला', म्हणजे थोरली आई. योरुबा लोक मानतात की बाईच्या अंगी एक शक्ती असते. जीव जन्माला घालण्याची आणि, मन फिरलं तर, तो परत घेण्याचीही. अशी शक्ती असलेली बाई रात्री पाखरू होऊन उडते म्हणतात. तिला एक शब्द आहे, 'आजे'. आपली आजी आठवली ना? पण तो शब्द चारचौघांत उच्चारायचा नाही. 'आपल्या आया' म्हणायचं.

मी म्हटलं, "म्हणजे चेटकीण."

इया इबेजीनं हातातली मिरची खाली ठेवली. "तू तिला चेटकीण म्हणालीस तर ती चेटकीण होईल. आई म्हणालीस तर आई राहील. म्हणून तर आम्ही नाचतो."

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. सगळ्या देवांची आई येवाजोबी. तिला मूल होईना. ती जोशाकडं गेली. त्याच्या सांगण्यावरून तिनं डोक्यावर लाकडी मूर्ती घेतली, पायात लोखंडाचे वाळे घातले, आणि ती नाचली. तिला मुलगा झाला, एफे. तो फार थट्टेखोर. मग मुलगी झाली, गेलेडे. ती गुबगुबीत आणि नाचाची वेडी. ती दोघं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तर त्यांनाही मूल होईना! मग त्यांनीही तेच केलं. मूल न होणाऱ्या बाईपासूनच सगळं सुरू झालंय म्हणायचं. मी ऐकत होते, आणि घुगऱ्यांची फोडणी माझ्या नाकात येत होती.

उत्सवाची पहिली रात्र एफेची. बाजाराच्या चौकात सगळा गाव जमला होता. कंदील, ढोल, मांड्यांवर झोपलेली पोरं. तिथंही मोठ्या ढोलाला इयालू म्हणतात, ढोलांची आई. मध्यरात्रीनंतर एफेचा मुखवटा आला. त्यानं आधी आयांना नमस्कार केला, त्यांची परवानगी मागितली, आणि मग पहाटेपर्यंत गायला. त्या रात्री त्याला कुणाचीही उणीदुणी काढायची मुभा. वजनात मारणारा व्यापारी, लाच खाणारा अंमलदार, बायकोला मारणारा नवरा, नाव न घेता सगळ्यांना तो धुऊन काढतो. लोक हसून हसून लोळतात, आणि ज्याचं त्याला कळतं. त्याच्यावर कुणी रागवायचं नाही. आपल्याकडं शिमग्याला थोडंसं असतं, तसंच.

इया इबेजी माझ्या कानात एकेकाचा अर्थ सांगत होती. मध्येच सगळे एकदम गप्प झाले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, एका घराबद्दल गातोय. मूल दगावलं म्हणून त्यांनी घरातल्या म्हातारीला दोष दिला आणि तिला वेगळी चूल मांडायला लावली. तो विचारतोय, त्या मुलाची नाळ कुणी कापली होती?

मला तिथं बसवेना. ह्यांना म्हटलं, मुलगा पेंगतोय, मी घरी जाते. पण त्या गर्दीतून उठून जायला वाट नव्हती, आणि थोड्या वेळानं सगळे दिवे मालवले. मिट्ट काळोखात पांढरं काहीतरी सरकत आलं. लांबच लांब पांढरं वस्त्र, कंबरेत वाकलेली चाल, ढोल अगदी हळू. ती थोरली आई. तिच्याकडं टक लावून बघायचं नसतं. माणसं तिच्यासाठी गात होती. चौकाची एक फेरी घालून ती गेली. दिवे लागले तेव्हा पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायका जागच्या जागी बसलेल्या, मांडीवर हात ठेवून. जणू काही त्यांच्याच घरचं कुणी येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सगळा आनंदीआनंद. गेलेडे जोडीजोडीनं नाचायला येतात. नाचणारे सगळे पुरुष, पण वेष बायकांचा. पुढं लाकडाची छाती, मागं गाद्यागिरद्या बांधून केलेला घेर, आणि वरून गावातल्या बायकांकडून मागून आणलेली कापडं. डोक्याला बांधायची फडकी, आणि मूल पाठीशी बांधायचे पट्टे. त्यांत माझं हिरवं पातळही ओळखू आलं. पायांत लोखंडी वाळे. ढोल एखादं वाक्य वाजवतो, आणि नाचणाऱ्याच्या पायांनी तेच वाक्य त्याच ठेक्यावर संपवायचं असतं. योरुबा भाषाच सुरांची आहे, त्यामुळं ढोल खरोखरच बोलतो. चुकला की म्हाताऱ्या हसतात. साधला की उठून त्याच्या पुढ्यात जातात.

आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मुखवटा. खाली सगळ्यांचा चेहरा सारखाच, शांत, डोळे अर्धवट खाली. वर मात्र प्रत्येकाचं जग निराळं. कुणाच्या डोक्यावर सापाला टोचणारे पक्षी, कुणाच्या फळांची पाटी, कुणाच्या मोटारसायकलवर बसलेला मनुष्य. मी इया इबेजीला विचारलं, वर एवढा गोंधळ, आणि खाली बाई इतकी गप्प कशी? ती म्हणाली, "गप्प नाही. धीराची. डोकं हललं तर वरचं सगळं पडेल ना!"

योरुबा लोकांत डोक्याला फार मान. त्यांचं म्हणणं असं, की जन्माला येण्याआधी माणूस आजाला नावाच्या कुंभाराकडं जातो, आणि त्यानं मातीची घडवलेली डोकी मांडून ठेवलेली असतात त्यांतलं एक निवडतो. काही पक्की भाजलेली, काही कच्ची. बाहेरून कळत नाही. जे निवडलं ते नशीब. आपल्याकडं सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. तिथं आपलं आपणच निवडलेलं असतं. कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. मान बायकांचा, आणि नाचायचं पुरुषांनी! मी तसं म्हटलं तर इया इबेजी खो खो हसली. म्हणाली, "आम्ही कशाला नाचू? आम्हाला खूश करायचं काम त्यांचं. आम्ही बसून बघणार." गेलेडेच्या मंडळाची प्रमुख बाईच असते, इयालाशे. तिच्या होकारावाचून मुखवटा हलत नाही. पण तेवढ्यानं माझं पुरतं समाधान झालं नाही. आणि तिथं सगळं आलबेल होतं असंही समजू नका. म्हाताऱ्या बायकांवर आळ तिथंही येतात, त्यांचे हाल तिथंही होतात. एफेला ते गाणं गावं लागलं, ते त्यामुळंच ना? फरक एवढाच, की ते चौकात गायलं जात होतं, आणि मी आमच्याकडचं चार वर्षं पोटात घालून बसले होते.

पातळ परत आलं ते लाल धुळीनं माखलेलं, आणि काठाला भोक पडलेलं. इया इबेजी नवं देऊ करत होती. मी घेतलं नाही.

मुखवटा मी घेतला तो पुढं 1983 मध्ये. आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर एक कोरणारा होता. त्याच्या पडवीत ओल्या, पांढऱ्या लाकडाचे ओंडके पडलेले असायचे. आपल्या सुताराच्या वाकसासारखं हत्यार घेऊन तो आधी ठोकळा घडवायचा, मग सुरीनं नाकडोळे. वाळल्यावर रंग. हे मुखवटे दर वर्षी नव्यानं रंगवतात. वाळवी लागली तर टाकून दुसरा कोरतात. जुना म्हणून त्याला वेगळं मोल नाही. कोपऱ्यात शिवणयंत्राचा हा मुखवटा बघितला आणि मी तिथंच खाली बसले. हे म्हणाले, "अगं, पक्ष्यांचा घे, तो सुंदर आहे." मी म्हटलं, "हाच." मनात भीती होती, म्हणून कोरणाऱ्याला विचारलं, घरात ठेवला तर चालेल ना? तो म्हणाला, ह्याच्यावर अजून कुठलाही विधी झालेला नाही, तो कुणाच्या डोक्यावर बसलेला नाही. आत्ता हे नुसतं लाकूड आहे.

त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला तिथं लष्करानं सत्ता घेतली. तेलाचा पैसा आटत चाललेलाच होता, घरी पैसे पाठवणं मुश्किल झालं. 1984 मध्ये आम्ही परत आलो. इया इबेजीनं निघताना माझ्या मुलाला तिच्या लेकीची आणि त्या लाकडी मूर्तीचीही गाठ घालून दिली. मीही हात जोडले.

सासूबाईंनी ट्रंकेतून मुखवटा निघालेला बघितला आणि दारातच अडवला. "हे ध्यान घरात नको. परक्या देशाचं भूतखेत." मी वाद घातला नाही. पोत्यात बांधून माळ्यावर टाकला, गौरींच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी. दिवाळीत माहेरी निघाले तेव्हा काढून बरोबर घेतला.

काकू तोवर पासष्टीला आली होती. मागच्या खोलीत तशीच, यंत्रापुढं. मी पोतं सोडलं आणि मुखवटा तिच्या मांडीवर ठेवला. वाटेत मी किती वाक्यं जुळवली होती! म्हटलं, "काकू, बारशाच्या दिवशी मी तुला..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. चष्मा चढवला, मुखवटा उजेडाकडं धरला, गोल फिरवून बघितला आणि म्हणाली, "ह्यानं चाक उलट्या बाजूला बसवलंय गं. यंत्राचं चाक उजव्या हाताला असतं."

मी बघितलं, तर खरंच डाव्या बाजूला होतं! मी आणि ह्यांनी वर्षभर तो मुखवटा बघितला होता, आम्हाला दिसलं नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. बाजार, इया इबेजी, रात्रीचं गाणं, नाळ कापणाऱ्या म्हातारीची गोष्ट. ती ऐकत होती आणि बोटानं मुखवट्याच्या गालावरच्या रेघा चाचपत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तिकडं भितात म्हणून पाया पडतात."

"हो, तसंच काहीसं."

"आणि इकडं भितात म्हणून मागं बसवतात." आणि लगेच, "तू तेव्हा बावीस वर्षांची पोर होतीस. तुझा मुलगा कुठंय? त्याच्या चड्डीची उसवण मघाशीच बघितलीय मी. आण त्याला इकडं."

मुलगा तेव्हा सात वर्षांचा. आला तो सरळ तिच्या मांडीवरच्या मुखवट्याला बाजूला सारून बसला. काकूनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मग तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

मुखवटा तिनं ठेवून घेतला. यंत्रावर, भिंतीला टेकवून. वाड्यातल्या बायका आधी घाबरायच्या, मग रुळल्या. ती 1996 मध्ये गेली. यंत्र आणि मुखवटा दोन्ही माझ्याकडं आले. सासूबाई तेव्हा होत्या. ह्या खेपेला त्यांनी दारात अडवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "त्यांचं आहे का? मग राहू दे."

तर सूनबाई, ही अशी हकिकत. रंग वाळला की यंत्र पुन्हा खिडकीपाशी लाव, आणि हिला वर ठेव. पुसताना ओलं फडकं लावू नकोस, पोपडे निघतात. आणि पाठीमागून, मानेच्या आतल्या बाजूला, एकदा बोट फिरवून बघ. तिथं रंग नाही, आणि लाकूड पार गुळगुळीत झालंय. काकू रोज उचलून ठेवायची, तेव्हा तिचा हात तिथंच लागायचा.